पहिला लाल ठिपका

खोटं बोलून तळं कसं वाचतं, ते काटेदादाने त्या दुपारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि पोट धरून हसला. थोड्याच वेळात हे हसू कुठल्या कुठे पळणार आहे, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

जागा म्हणजे मासळीच्या लिलावाच्या शेडवरची खोली. खाली बर्फ, खवले आणि चिखल. वर दाटीवाटीने बसलेली माणसं आणि एकच पंखा, तोही प्रत्येक फेरीला टक् करून आपण जिवंत असल्याचं सांगणारा. भिंतीवर एक पांढरी चादर ताणून लावलेली आणि चादरीवर प्रोजेक्टरमधून पडलेलं त्यांचंच तळं. तळ्याच्या काठाने निळे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक घर. त्या घरात कितीही माणसं असोत, कितीही होड्या असोत, ठिपका एकच.

हा सगळा खटाटोप मॉडेलवाल्या बाईंचा. बाई विद्यापीठातल्या, कॉम्प्युटरवर तळ्याचं मॉडेल बनवणाऱ्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा लोकांना वाटलं, आल्या आता आपल्याला शहाणपण शिकवायला. पण बाई उलट्याच निघाल्या. त्या काही सांगेनात, नुसतं विचारत राहिल्या. वारा कुठून सुटला की मासळी कुठे सरकते? पाणी कुठे खोल, कुठे उथळ? गाळ कुठे साचतो? लोक सांगायचे, बाई ते कॉम्प्युटरात घालायच्या आणि चादरीवर दाखवून पुन्हा विचारायच्या, "बघा, असंच आहे ना?" मग कुणीतरी उठून बोट दाखवायचं, "नाही हो बाई, इथे दगड आहे," की बाई मुकाट दुरुस्त करायच्या. वर्षभरात चादरीवरचं तळं इतकं हुबेहूब झालं, की लिलाववाला म्हणायचा, आता फक्त वास यायचा बाकी आहे.

दुखणं असं होतं की तळ्यातली मासळी घटत चालली होती. लव्हाळ्यातला बंद कोपरा राखूनही घटत होती. बंद कोपरा म्हणजे जिथे मासळी अंडी घालायला येते ती जागा. विणीच्या दिवसांत तिथे दोर बांधायचा, दोराला पिंपं लावायची आणि कुणीही आत शिरायचं नाही, हा नियम लोकांनी आपणहून केला होता. त्यामुळे कोपरा बंद आणि तरी मासळी नाही, हे कोडं कुणाला सुटत नव्हतं. निदान बोलताना तरी सगळे असंच म्हणत होते.

म्हणून बाईंनी त्या दिवशी घराघराला सवाल टाकला होता. जाळ्यात मासळी कमी यायला लागली, तर तुमचं घर बंद कोपऱ्यात शिरेल का? एकजात सगळ्यांनी सांगितलं, छे! प्राण गेला तरी नाही. बाईंनी ती सगळी उत्तरं यंत्रात घातली आणि बटण दाबलं. मासळी दाखवणारी हिरवी रेघ जी उठली, ती चढत चढत चादरीबाहेर गेली, भिंतीवर गेली आणि छताला जाऊन टेकली.

"बाई," लिलाववाला म्हणाला, "एवढी मासळी झाली तर होडी कशाला हवी? माशांच्या पाठीवर पाय देत पैलतीराला जाऊ की आम्ही!"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काटेदादा तर असा हसला की त्याला ठसका लागला आणि शेजाऱ्याला त्याची पाठ थोपटावी लागली. बाईही हसल्या, पण मग म्हणाल्या, "मग खरं काय समजू मी?"

तेव्हा जाळीमावशी बोलली. मावशी एकटी राहायची, दिवसभर धक्क्यावर बसून लोकांची फाटकी जाळी सांधायची आणि हात चालू ठेवून तोंडही चालू ठेवायची. ती म्हणाली, "अगं पोरी, स्वतःच्या घराबद्दल कोण वाईट सांगेल? शेजारच्या घराबद्दल विचार, मग बघ कशा जिभा सुटतात!"

बाईंना ही गोष्ट अशी पटली, की त्यांनी तिथल्या तिथे डाव बदलला. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराच्या वाट्याला दुसरी पाच घरं दिली. शेजारच्या छोट्या खोलीत एकेकाने जायचं, बाईंच्या कानात सांगायचं आणि यायचं. कुणी काय सांगितलं ते बाईंच्याही लक्षात राहायचं कारण नव्हतं, कारण नाव कुठेच नव्हतं, नुसतं हो किंवा नाही. आणि हो असेल तर कधी शिरेल, सगळ्यांआधी की दुसऱ्या कुणाचं बघून, आणि कुणाचं बघून.

काटेदादाचीही पाळी आली. त्याच्या वाट्याच्या पाचही घरांबद्दल त्याने सांगितलं, शिरणार नाहीत. बाईंनी विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "छातीठोक सांगतो. मी काट्यावर असतो, बाई. माझ्यासमोरून गावातली प्रत्येक टोपली जाते. काही वेडंवाकडं असतं तर मला कळलं नसतं का?"

आता हा काटेदादा कोण, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. धक्क्यावरचा वजनकाटा याच्या ताब्यात. सकाळी होड्या परतल्या की टोपल्या आधी याच्या काट्याला लागायच्या आणि मग लिलावाला जायच्या. पूर्वी कधीतरी कुणीतरी याच्यावर बालंट आणलं होतं, की घरातल्याच धाकट्या भावाच्या टोपलीला हा जास्त वजन सांगतो. झालं! तेव्हापासून या पठ्ठ्याने लोकांकडे पाठ करून वजन करायला सुरुवात केली. मागून कुणीही टोपली काट्याच्या आकड्याला अडकवायची, टोपलीवर ओलं गोणपाट झाकलेलं असायचं आणि हा समोरच्या तबकडीवर नजर ठेवून वजन ओरडायचा. टोपली कुणाची, आत काय, याने मान वळवून बघायचं नाही. या गोष्टीचा याला कोण अभिमान! पाहुणेरावळे आले की तेच कौतुक, मी सख्ख्या भावाची टोपलीसुद्धा ओळखत नाही म्हणून. बायकोला ते पाठ झालं होतं.

आणि एक गोष्ट त्याच्या मनात होती, ती त्याने फक्त बायकोला सांगितली होती. बंद कोपऱ्याला राखणदार नेमायचा ठरला होता. दुसऱ्या दिवशी बैठक होती. राखणदाराला स्वतंत्र होडी मिळणार, होडीच्या साखळीची किल्ली मिळणार आणि त्याचा शब्द अखेरचा असणार. काटेदादाला ते काम हवं होतं. हवं म्हणजे किती, तर त्याने मोठी बॅटरी आणून कपाटात लपवून ठेवली होती आणि कपाटाचं दार लावून घेऊन ती लागते का ते दोनदा बघितलं होतं. माझ्याशिवाय आहे कोण दुसरं, असं त्याला वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, सगळ्या धक्क्यालाही तसंच वाटत असणार अशी त्याची खात्री होती.

तर सगळ्यांचं सांगून झालं आणि बाई पुन्हा यंत्रापाशी बसल्या. "जे घर कोपऱ्यात शिरेल त्याचा ठिपका लाल होईल," त्या म्हणाल्या. खोलीत चेष्टामस्करीला ऊत आला. हा म्हणे तुझा पहिला, तो म्हणे तुझाच. बाईंनी बटण दाबलं. पंखा टक् टक् करत राहिला. हिरवी रेघ जराशी खाली आली आणि काठावरचा एक ठिपका लाल झाला.

काट्याच्या शेडला लागून असलेला ठिपका. काटेदादाचं घर.

इतका वेळ जे लोक एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते, त्यांच्या नजरा चादरीवरून हळूच जमिनीकडे गेल्या. काटेदादा एकटाच मोठ्याने हसला. "घ्या! यंत्र बिघडलं बाईंचं!"

त्याच्या हसण्यात कुणी हसू मिसळलं नाही. तेवढ्यात त्याच्या ठिपक्याशेजारचा ठिपका लाल झाला, मग त्याच्या पलीकडचा, मग एकदम पाच-सात, आणि बघता बघता काठावर निळं औषधालाही उरलं नाही. हिरवी रेघ चादरीच्या तळाला जाऊन पडली.

"पुन्हा चालवा," काटेदादा म्हणाला.

बाईंनी पुन्हा चालवलं. पुन्हा पहिला ठिपका त्याचाच. तिसऱ्यांदा चालवलं, तेव्हाही तोच. काटेदादाची कानशिलं तापली. तो उभा राहिला. "बाई, हे काय आहे? कुणी सांगितलं हे?"

बाईंचा चेहरा उतरला होता. "कुणी ते मला सांगता येणार नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. पण तुमच्या घराबद्दल ज्या पाच जणांना विचारलं, त्या पाचही जणांनी हेच सांगितलं. आणि बाकीच्या बहुतेक घरांबद्दल लोक म्हणाले, की ती काटेदादांच्या घराचं बघून शिरतील." मग त्या म्हणाल्या, "हे खरं आहे की नाही, मला माहीत नाही. मी फक्त तुम्ही सांगितलेलं मांडलं."

"माझ्या तोंडावर सांगा!" काटेदादा खोलीकडे वळून ओरडला. "कोण आहे तो? हिंमत असेल तर उठून सांगा!"

एकही माणूस उठला नाही. एकाने घसा खाकरला, एकाने खिडकीबाहेर बघितलं. लिलाववाला हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना, काटेदादा. खेळच आहे हा. कशाला मनाला लावून घेता?"

बाईंना वाटलं असेल वातावरण निवळावं, म्हणून त्यांनी आणखी एक करून दाखवलं. काटेदादाच्या ठिपक्याला त्यांनी निळ्यावर कुलूप लावलं. "समजा, हे एक घर काही झालं तरी शिरलं नाही," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं. बाकीचे बहुतेक ठिपके निळेच राहिले. एखाददुसरा लाल झाला आणि पुन्हा निळा झाला. हिरवी रेघ हळूहळू वर चढायला लागली, छतापर्यंत नाही, पण बऱ्यापैकी. म्हणजे सगळ्या तळ्याचं जगणं-मरणं एका ठिपक्यावर होतं आणि तो ठिपका त्याचा होता. काटेदादाला दरदरून घाम फुटला. कुणाकडे न बघता तो जिना उतरला.

घरी येईपर्यंत घामाची जागा संतापाने घेतली होती. रस्ताभर तो एकेकाला आठवत होता. न्हावी असेल, त्याला गेल्या महिन्यात मी सगळ्यांसमोर बोललो होतो. लिलाववाला असेल, त्याला स्वतःला राखणदार व्हायचं असणार! घरात शिरला तो चपलाही न काढता स्वयंपाकघरात. बायको ओट्यापाशी भाजी चिरत होती.

"ऐकलंस का? आपलं घर म्हणे बंद कोपऱ्यात सगळ्यांत आधी शिरणार! पाचच्या पाच जणांनी सांगितलं! इतकी वर्षं मी या लोकांसाठी नाकासमोर बघून वजन केलं आणि हे माझ्या पाठीमागे असलं बोलतात!"

बायकोचा हात थांबला नाही. "अहो, मग त्यात त्यांनी खोटं काय सांगितलं?"

काटेदादाला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालीस?"

"भाऊजी जातात ना कोपऱ्यात. दुसरा हंगाम चाललाय हा."

"थट्टा करू नकोस. माझं डोकं आधीच ठिकाणावर नाही."

तेव्हा कुठे तिने सुरी बाजूला सारली आणि मागे वळून बघितलं. "असं काय बघताय? घरात दुसरं कुणी नाही. माझ्यापुढे कशाला नाटक?"

नाटक! या एका शब्दाने त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो मट्कन स्टुलावर बसला. "अगं, मला माहीत नाही. शपथ घेतो. मला काहीही माहीत नाही."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं, मग शंका, आणि मग ती अशी हसली, जशी लहान मुलाने पाठीमागे लाडू लपवून 'मी नाही खाल्ला' म्हटल्यावर आई हसते. "बरं. नाही माहीत. चालेल."

"चालेल काय? खरंच सांगतोय मी!"

"अहो, मग परवा तुम्ही गाभोळी कुठली खाल्लीत?" आता तिचाही आवाज चढला. "विणीच्या दिवसांत एवढ्या मोठ्या माशाच्या पोटात एवढी अंडी! असला मासा कोपऱ्याबाहेर सापडतो का? हे मी तुम्हाला सांगायचं? मी साफ करायला बसले तेव्हा माझे हात कचरत होते. तुमच्या ताटात वाढली आणि म्हटलं, आता विचारतील, आता विचारतील. तुम्ही काय म्हणालात आठवतं? आणखी आहे का म्हणालात!"

त्याला आठवलं. ताट आठवलं, परतलेली अंडी आठवली, चव आठवली. असा मासा कोपऱ्याशिवाय कुठे मिळत नाही, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. आणि तरी त्याने तो खाल्ला होता, बोटं चाटून. त्याला मनापासून वाटत होतं की आपल्याला कळलं नव्हतं. पण कळलं नव्हतं, की कळून घेतलं नव्हतं? या प्रश्नाचं उत्तर त्याला देता येईना आणि त्याची त्याला भीती वाटली.

तेवढ्यात धाकटा आला. दुपारभर तो होडीचं इंजिन उघडून बसला होता, त्यामुळे वरच्या खोलीत काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. हात पुसत पुसत तो म्हणाला, "वहिनी, चहा टाक गं जरा."

काटेदादाने उठून त्याची गचांडीच धरली. "कोपऱ्यात जातोस तू?"

धाकटा घाबरेल, गयावया करेल, निदान खोटं तरी बोलेल, असं त्याला वाटलं होतं. धाकट्याने आधी वहिनीकडे बघितलं, मग दादाकडे, आणि गोंधळून म्हणाला, "हे आत्ता विचारतोयस?"

"म्हणजे?"

"दादा, पहिल्या दिवशी मी जाम घाबरलो होतो रे. जाळ्यात चार दिवस काही आलं नव्हतं म्हणून गेलो होतो, एकदाच जायचं म्हणून. टोपली आकड्याला लावली आणि म्हटलं, मेलो. आता दादा गोणपाट काढणार, आता सगळ्यांसमोर मुस्काटात देणार. वरच्या माशाची शेपटी बाहेर आली होती, कोपऱ्यातल्या माशाचीच असते तशी काळीकुट्ट. रांगेतल्या सगळ्यांनी बघितली. तू पाठ करून उभा होतास. आणि तू इतक्या खणखणीत आवाजात वजन ओरडलास, की मला वाटलं, दादा सांगतोय, जा, मी आहे."

"अरे, मी बघितलंच नव्हतं!"

"तेच म्हणतोय मी. सगळ्यांच्या लक्षात आलं की तू बघणार नाहीस." धाकट्याने त्याचे हात गळ्यावरून अलगद सोडवले. "मग एकेक करून बाकीचेही जायला लागले. काटेदादाच्या घरची होडी जाते म्हटल्यावर दुसऱ्याला कोण अडवणार? आम्हाला वाटलं, लोकांचे हाल तुला बघवत नाहीत म्हणून तू पाठ फिरवली आहेस. लोक तुला मानतात रे त्यासाठी."

ज्या पाठीचा काटेदादाने एवढा तोरा मिरवला, ती पाठ सगळ्या धक्क्याला परवानगी वाटत होती! रोज सकाळी लोक त्याला हात जोडत होते ते त्याच्या सचोटीला नव्हे, डोळेझाकीला. बाईंना कोडं वाटत होतं, त्याला कोडं वाटत होतं, आणि बाकी सगळ्या काठाला उत्तर माहीत होतं.

"उद्या सकाळी होडी वर काढायची," शेवटी तो म्हणाला. "पुन्हा पाण्यात घालायची नाही. विणीचे दिवस संपेपर्यंत नाही."

"काढतो की," धाकटा लगेच म्हणाला. "उद्या बैठक आहे, दिसायला बरं दिसेल."

"बैठकीपुरती नाही रे! खरोखरची!"

"हो, हो. खरोखरची." आणि धाकटा वहिनीकडे बघून हसला.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत बैठक भरली. बाई सकाळच्या बसने परत गेल्या होत्या. राखणदार कोण असावा हा तुमचा निर्णय, त्यात मी नको, असं म्हणाल्या होत्या. चादर तेवढी भिंतीवर राहिली होती, कोरी. प्रत्येक घराने एक हात वर करायचा होता. लिलाववाल्याने सुरुवात केली, राखणदारासाठी एकच नाव पुढे आलंय, काटेदादांचं, आणि कालच्या खेळाचं कुणी मनात धरू नये.

काटेदादा उभा राहिला. काल रात्रभर आणि आज सकाळभर त्याने मनाशी घोकलं होतं. आपण खरं सांगायचं. लोक संतापतील, शिव्या देतील, कदाचित राखणदारी जाईल. जाऊ दे. पण निदान या लोकांना कळेल की आपण त्यातले नव्हतो आणि आता हे थांबणार आहे.

"काल ठिपका लाल झाला, तो बरोबर झाला," तो म्हणाला. "माझ्या घरची होडी बंद कोपऱ्यात जाते. दोन हंगाम जाते. तिचे मासे मी माझ्या काट्यावर मोजले आणि माझ्या ताटात खाल्ले. पण मी देवाशपथ सांगतो, मला माहीत नव्हतं. कालपर्यंत मला माहीत नव्हतं. होडी आज मी वर काढली आहे. यापुढे कोपऱ्यात कुणीही शिरलेलं मला चालणार नाही. माझा भाऊ असो नाहीतर आणखी कुणी."

त्याला वाटलं आता आरडाओरडा होईल. कुणीच रागावलं नाही. माणसं मान डोलवत होती. मागच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे, असं एकदा बोलायलाच हवं." न्हाव्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. लिलाववाला पुढे आला, त्याने काटेदादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "छान बोललात. आम्ही समजलो."

"काय समजलात?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, ते." आणि लिलाववाल्याने सगळ्यांकडे बघून डोळे मिचकावले. खोलीत खसखस पिकली.

"अहो, मी खरं सांगतोय!" काटेदादा जवळजवळ रडकुंडीला आला. "मी गंमत करत नाही! मी राखणदार झालो तर खरंच अडवीन!"

"अडवा ना! नाही कोण म्हणतंय?" न्हावी म्हणाला. "तुमच्यासारखं अडवायला दुसऱ्या कुणाला जमणार?" आणि आता लोक उघड उघड हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, हेच तर भयंकर होतं. आपल्या माणसाकडे बघून हसतात तसं ते हसत होते.

"चला, हात वर करा," लिलाववाला म्हणाला.

हात वर झाले. पुढच्या रांगेतले, मागच्या रांगेतले, दारात उभे असलेले. काटेदादा आ वासून बघत राहिला. हेच हात आपल्यासाठी वर व्हावेत म्हणून तो किती दिवस झुरला होता! मोजायची गरजच नव्हती. फक्त खिडकीपाशी एक हात खाली होता. जाळीमावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि पहिल्यांदाच तिच्या हातात जाळं नव्हतं.

"मावशी, हात वर कर की," लिलाववाला म्हणाला. "एकमताने होऊ दे."

"मी नाही करणार."

काटेदादा तिच्याकडे वळला. "तुलाही वाटतं ना, मावशी, की मी खोटं बोलतोय?"

"नाही रे बाबा," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला माहीत आहे तू खरं बोलतोस. मी रोज तुझ्या काट्यापासून दोन हातांवर बसते. तुझा चेहरा मला दिसतो, यांना फक्त पाठ दिसते. तुला खरंच काही कळलं नाही. म्हणून तर माझा हात वर होत नाही. सख्ख्या भावाची होडी कुठे जाते, हे ज्याला दोन हंगाम कळलं नाही, त्याच्या हाती मी कोपरा कशी देऊ?"

आपल्यावर विश्वास ठेवणारं सगळ्या काठावर एकच माणूस आहे आणि ते आपल्याला नको म्हणतंय, हे काटेदादाच्या डोक्यात शिरेपर्यंत लिलाववाल्याने त्याचा हात ओढून त्यात होडीची किल्ली ठेवली आणि वरून त्याची बोटं मिटवली. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या धाकटा वाजवत होता.